थीम आली, आता काढायचं काय?

नक्षीच्या चॅलेंजची, म्हणजे दिलेल्या विषयावर नक्षी काढायच्या उपक्रमाची, थीम जाहीर झाली की पहिल्या पाच मिनिटांत बहुतेकांच्या कागदावर थीमचं चित्र उमटतं. 'पाऊस' म्हटलं की छत्री. 'घर' म्हटलं की उतरतं छप्पर आणि दोन खिडक्या. 'समुद्र' म्हटलं की मासा, आणि मग त्या माशाच्या पोटात नेहमीच्याच चार नक्ष्या. दिसायला वाईट नसतं ते. पण माशाच्या जागी छत्री ठेवून बघा. आतल्या नक्ष्या एक रेघ न बदलता तिथेही चालतात. म्हणजे थीम बाहेरच्या कडेवरच अडकली, नक्षीपर्यंत पोचलीच नाही.

माझं सांगणं एवढंच आहे: थीममध्ये जी वस्तू आहे ती काय करते, ते शोधा आणि तेच काढा. पुढचं सगळं या एका वाक्याचा विस्तार आहे.

माझ्याबद्दल थोडं. मी नोकरीला लागले ती ट्रेसर म्हणून. ट्रेसिंग पेपरवर शाईच्या पेनाने इमारतींचे नकाशे गिरवायचे, हे काम. पुढे सगळं संगणकावर गेलं, पण भिंतीचा छेद दिसला की त्यात हॅचिंग, म्हणजे साहित्य ओळखू यावं म्हणून काढायच्या रेघा-ठिपके, भरायची हाताची सवय गेली नाही. विटेच्या भिंतीला ४५ अंशांतल्या तिरक्या रेघा, काँक्रीटला ठिपके आणि अधूनमधून छोटे त्रिकोण. कोणी सांगितलं नव्हतं, पण नक्षी मी तिथेच शिकले. निवृत्त झाल्यावर मुलीने एका चॅलेंजची माहिती पाठवली, "आई, हे तुझंच काम आहे," म्हणून. तेव्हापासून थीमच्या मागे लागलेली आहे.

सामानावर फार वेळ घालवू नका. न पसरणाऱ्या शाईचं एक बारीक पेन पुरे. मी पिग्मा मायक्रॉनचं ०१ नंबरचं वापरते, त्याची रेघ साधारण पाव मिलिमीटरची येते. कागदाचे छोटे चौकोन कापून ठेवा. झेंटँगल ही पद्धत अमेरिकेतल्या रिक रॉबर्ट्स आणि मारिया थॉमस यांनी सुरू केली, त्यांचा चौकोन साडेतीन इंचांचा असतो. पेन्सिलीने एक हलकी वाकडीतिकडी रेघ ओढायची, तिला ते 'स्ट्रिंग' म्हणतात. तिने चौकोनाचे जे भाग पडतील त्यात नक्ष्या भरायच्या. खोडरबर नाही. आपल्याला या पद्धतीतून मुख्य घ्यायचा तो हा छोटा आकार. मोठ्या कागदावर माणूस सजवायला बसतो. छोट्या चौकोनावर कल्पना तपासून बघता येते, आणि नाही जमली तर दुसरा चौकोन ओढता येतो.

आधी क्रियापदं

थीमचा शब्द कागदाच्या मधोमध लिहा आणि भोवती फक्त क्रियापदं लिहा. नामं नकोत, विशेषणं तर मुळीच नकोत. 'सुंदर', 'शांत', 'गूढ' असले शब्द हाताला काहीच काम देत नाहीत. मी हे नातीला सोबत घेऊन करते, कारण मुलं क्रियापदांत बोलतात. 'पाऊस' या थीमला आम्ही दोघींनी लिहिलेली यादी अशी होती: पडतो, साचतो, ओघळतो, झिरपतो, थांबतो, वाजतो, उडतो, मिसळतो. 'पाऊस लपतो' असंही तिचं म्हणणं होतं. तेही लिहिलं. यादी करताना वाद घालायचा नाही.

आता एकेक क्रियापद घ्या आणि ते डोळ्यांनी बघा. आठवणीतून नको, शक्य असेल तर खरोखर बघा.

'साचतो' घ्या. साचलेल्या पाण्यात थेंब पडला की एकाच केंद्राभोवती गोल गोल लहरी पसरतात. शेजारी दुसरा थेंब पडला की दोन्हींच्या लहरी एकमेकींतून आरपार जातात, एकही तुटत नाही. कागदावर याचा सरळ अर्थ असा, की दोन्ही वर्तुळमालिका पूर्ण काढायच्या आणि रेघा एकमेकींना छेदू द्यायच्या. सवयीचा हात इथे एका वर्तुळाला दुसऱ्यामागे लपवतो. तसं केलंत की पाणी गेलं आणि थाळ्यांची चळत झाली. छेदलेल्या रेघांमुळे जे बारीक तुकडे पडतात ते एक सोडून एक काळे करा, मग बघा काय होतं ते.

'ओघळतो' साठी खिडकीच्या काचेसमोर उभं राहा. बारीक थेंब काचेला चिकटून बसतात, हलत नाहीत. एखादा शेजारच्याला भेटतो, जड होतो आणि निघतो. वाटेत येणाऱ्यांना गिळत जातो, त्यांच्याकडे किंचित बाजूला वळतो आणि पुन्हा सरळ खाली. मागे बारीक थेंबांची ओळ सोडून जातो. एवढं बघितलं की नक्षीचा नियम तयार झाला: उभी रेघ, भेट झाली की छोटं वळण, वळणानंतर रेघ जाड, मागे ठिपके. चौकोनात अशा सात-आठ रेघा सोडा. छत्रीची गरजच उरत नाही.

'झिरपतो' ला नुसते ठिपके पुरतात. वर दाट, खाली विरळ, मध्ये एखादा थर असा की ठिपके तिथे अडून जमा झाले आहेत. वेळखाऊ काम आहे, पण डोक्याला त्रास नाही.

यादीतली सगळी क्रियापदं वापरायची नाहीत. एक निवडा, फार तर दोन. कोणतं निवडायचं याची माझी कसोटी अशी: ते क्रियापद वाचून बोट आपोआप हवेत फिरलं का? 'लपतो' ला माझं फिरलं नाही. नातीचं फिरलं, म्हणून तिने ते काढलं.

शेजारी शेजाऱ्याला कसा भेटतो

नक्षी म्हणजे एकाच गोष्टीची पुनरावृत्ती, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यामुळे सगळं लक्ष त्या 'एका गोष्टीवर' जातं: पान कसं काढू, थेंब कसा काढू. माझ्या मते खरी गंमत दोन एककांच्या मध्ये आहे. ती एकमेकांना चिकटतात, ढकलतात, झाकतात, की अंतर राखून असतात? थीमचा स्वभाव तिथे दिसतो.

भेगाच बघा. 'दुष्काळ', 'तहान', 'तुटलेलं', 'जुनं' अशा थीमना सगळे भेगा काढतात, आणि बहुतेकांच्या भेगा कोळ्याच्या जाळ्यासारख्या दिसतात. चिखल पहिल्यांदा सुकतो तेव्हा भेगा एकामागून एक पडतात. आधीची भेग तिथे आहेच. नवी तिच्यापर्यंत येते आणि साधारण काटकोनात तिला मिळून थांबते. म्हणजे इंग्रजी टी अक्षरासारखे सांधे. पण तोच चिखल पुन्हा पुन्हा ओला होऊन सुकत राहिला तर सांधे हळूहळू बदलतात, तीन भेगा १२० अंशांच्या आसपास एकत्र येतात आणि वाय अक्षरासारखे सांधे तयार होतात, तुकडे षटकोनाकडे झुकतात. आता हे कळल्यावर निवड तुमच्या हातात आली. पहिलीच तहान दाखवायची आहे की वर्षानुवर्षांची? टी काढा किंवा वाय काढा. बघणाऱ्याला कारण सांगता येणार नाही, पण फरक जाणवेल. टी पद्धतीने काढताना क्रमही तोच ठेवा: आधी दोन-तीन लांब भेगा कडेपासून कडेपर्यंत, मग त्यांना येऊन मिळणाऱ्या मधल्या, मग त्यांच्या मधल्या बारीक. हात आपोआप बरोबर चालतो.

साबणाच्या फेसाचंही असंच आहे. फेसात तीनच पडदे एका कडेवर भेटतात आणि त्यांच्यात १२० अंशांचा कोन असतो. चार पडदे एका ठिकाणी भेटले तर ती रचना टिकत नाही, लगेच सरकून तीन-तीनची होते. म्हणून 'फेस', 'गर्दी', 'हलकं' यांपैकी काही काढताना चार रेघा एका बिंदूत येऊ देऊ नका. एवढी एक काळजी घेतली की बुडबुडे खरे वाटू लागतात. उलट थीम 'अस्थिर' असेल तर मुद्दाम चार रेघा भेटवा, बघणाऱ्याचा डोळा तिथे अडखळेल.

'घर' ही थीम आली होती तेव्हा मी सरळ वीटकामाकडे गेले. माझा जुना प्रांत. भिंतीत विटेची कधी लांब बाजू दिसते, कधी आखूड. प्रत्येक थरात लांब-आखूड, लांब-आखूड अशी आलटून पालटून लावली तर तो फ्लेमिश बाँड. एक पूर्ण थर लांब बाजूंचा आणि त्यावर एक पूर्ण थर आखूड बाजूंचा, तर तो इंग्लिश बाँड. दोन्हींत एक गोष्ट समान: खालच्या थराचा उभा सांधा वरच्या थराच्या सांध्याखाली येऊ द्यायचा नाही, नाहीतर भिंत तिथून फाटते. हा नियम मी नक्षीत पाळला आणि विटांच्या आत हॅचिंग भरलं: लांब विटेत तिरक्या रेघा, आखूड विटेत काँक्रीटचे ठिपके आणि त्रिकोण. खिडकी नाही, छप्पर नाही. ज्यांनी कधी बांधकामावर काम केलं असेल त्यांना घर दिसतं, बाकीच्यांना नुसती नक्षी दिसते. मला दोन्ही चालतं.

तुमच्या नोकरीत, घरकामात, छंदात अशीच काही चिन्हं असतील. शिवणकाम करणाऱ्याकडे टाक्यांच्या तऱ्हा असतात, संगीत शिकलेल्याकडे स्वरलिपी, इलेक्ट्रिशियनकडे सर्किटची चिन्हं. ती बाहेर काढा. बाकी कोणाच्याही चौकोनात ती असणार नाहीत.

आकडे मदतीला येतात

'वाढ', 'बी', 'सुरुवात', 'सूर्यफूल' या थीमना एक हमखास युक्ती आहे. सूर्यफुलाच्या मधल्या भागात बिया ज्या रीतीने बसतात त्यात प्रत्येक नवी बी आधीच्या बीपासून साधारण १३७.५ अंश वळून येते. हातानेही काढता येतं हे. जाड कागदाची १३७.५ अंशांची एक पाचर कापा, मधला बिंदू धरून दर वेळी तेवढं फिरवत जा आणि ठिपके द्या. केंद्रापासूनचं अंतर मात्र सरळ वाढवायचं नाही, क्रमांकाच्या वर्गमुळाने वाढवायचं. पहिला ठिपका ४ मिलिमीटरवर घेतलात तर दुसरा ५.७ वर, तिसरा ६.९ वर, चौथा ८ वर, नववा १२ वर. साठ-सत्तर ठिपके झाले की दोन्ही दिशांना वळणाऱ्या सर्पिल रांगा दिसायला लागतात. त्या मोजल्या तर ८, १३, २१ असे फिबोनाचीच्या मालिकेतले आकडे हाती येतात, म्हणजे जिच्यात प्रत्येक आकडा आधीच्या दोन आकड्यांची बेरीज असतो ती मालिका. ठिपक्यांच्या जागी काय काढायचं ते तुमचं. 'आठवणी' या थीमला मी प्रत्येक ठिपक्याभोवती एक छोटा चौकोन काढला होता, बाहेर जाताना मोठा होत जाणारा. पाचर कोनमापकाने नीट मोजून कापा, हं. एखाद-दुसऱ्या अंशाचा फरक पडला तरी रांगांचं रूप पार बदलतं.

नदीलाही आकडा आहे. नागमोडी नदीच्या एका पूर्ण वळणाची लांबी तिच्या पात्राच्या रुंदीच्या साधारण दहा ते चौदा पट भरते. पात्र दोन मिलिमीटर रुंद काढत असाल तर एक पूर्ण नागमोड दोन ते पावणेतीन सेंटिमीटरांची ठेवा. याहून फार छोटी केली की नदी जाऊन स्प्रिंग दिसते, फार मोठी केली की रस्ता. 'प्रवाह', 'वळण', 'वाट' या थीमना मी हेच माप वापरते आणि वळणांच्या आतल्या बाजूला गाळाच्या समांतर रेघा भरते, कारण नदी गाळ टाकते तो आतल्या बाजूला आणि काठ कुरतडते तो बाहेरच्या.

वाळूवरच्या लहरींचा नियम तर फारच सोपा. वारा येतो त्या बाजूचा उतार लांब आणि सौम्य, मागचा आखूड आणि तीव्र. मध्येच दोन लहरी मिळून एक होतात, फाटा फुटल्यासारखा आकार येतो. हे फाटेच नक्षीला जिवंत करतात. सगळ्या लहरी समांतर काढल्या तर वहीचं रेघांचं पान तयार होतं.

हे सगळं पाठ करून ठेवायची गरज नाही. थीम आली की त्या वस्तूबद्दल एकच गोष्ट वाचा, ती कशी तयार होते. ती कशी दिसते याचे फोटो पन्नास मिळतात आणि पन्नासही एकसारखेच चित्र काढायला लावतात. कशी तयार होते हे कळलं की पेनाला क्रम मिळतो.

वस्तूच नसेल तेव्हा

'शांतता', 'राग', 'वाट पाहणं', 'विश्वास'. अशा थीमना लोक घाबरतात. मला त्या जास्त आवडतात, कारण इथे छत्री काढायची सोयच नसते.

माझ्याकडे यासाठी चार खुंट्या आहेत आणि मी त्या पिळत बसते: रेघांमधलं अंतर, रेघेची जाडी, दिशा आणि नियमितपणा. एकच साधी नक्षी घ्या, समजा आडव्या रेघा. अंतर खालून वर वाढवत न्या. झाली शांतता, निदान माझी. तेच अंतर अनियमित करा आणि जाडी मध्येच दुप्पट करा, अस्वस्थता आली. दिशा मध्यावर तुटू द्या, भांडण झालं.

'वाट पाहणं' यासाठी सारख्या उभ्या रेघांच्या रांगा काढा आणि प्रत्येक रांगेत एकच जागा मोकळी सोडा. मोकळी जागा दर रांगेत थोडी उजवीकडे सरकवत न्या. शेवटच्या रांगेत ती कडेला पोचली पाहिजे की नाही, हा निर्णय तुम्ही घ्यायचा. मी पोचू दिली नाही.

'विश्वास' अवघड होती. मी विणीकडे गेले. साध्या विणीत धागा एकावरून, एकाखालून जातो. ट्विलच्या विणीत, म्हणजे जीन्सच्या कापडात असते ती, धागा दोनांवरून आणि एकाखालून असा जातो आणि प्रत्येक ओळीत हा क्रम एका धाग्याने सरकतो, म्हणून तिरक्या रेघा दिसतात. मी साधी वीण घेतली आणि कुठेही चूक न करता पूर्ण चौकोन भरला. एकही धागा भलतीकडून गेला तर शेजारचे सैल होतात, आणि विश्वासाबद्दल मला म्हणायचं होतं ते एवढंच.

मागच्या वर्षीची 'पुन्हा कधीच नाही' ही थीम मात्र मला भेट मिळाल्यासारखी वाटली. इंग्लंडमधले डेव्हिड स्मिथ, छपाईच्या क्षेत्रातून निवृत्त झालेले हौशी गृहस्थ, त्यांना कागदाचे आकार जुळवता जुळवता एक तेरा बाजूंचा आकार सापडला, आणि गणितज्ञांच्या साथीने २०२३ मध्ये तो जाहीर झाला. त्याला 'हॅट' म्हणतात. या एकाच आकाराने सगळी जमीन फट न ठेवता भरता येते, पण नक्षी कधीही ठरावीक अंतराने स्वतःला परत करत नाही. काढायलाही जमतो: षटकोनांची जाळी आखा, प्रत्येक षटकोनाचे केंद्रापासून समोरासमोरच्या बाजूंच्या मध्यांपर्यंत रेघा ओढून सहा पतंग करा, आणि तयार नमुना समोर ठेवून असे आठ पतंग जोडून एक हॅट. काही हॅट उलट्या, आरशातल्यासारख्या बसवाव्या लागतात, तिथे ट्रेसिंग पेपर कामाला येतो: काढा आणि कागद पालथा करा. निवृत्त माणसं काय काय करतात, असं नवऱ्याला ऐकवायची संधीही मी सोडली नाही.

बघायचं कुठे

पायाखाली. गटाराच्या जाळ्या, बुटांचे तळवे, टायरच्या खाचा, फरशांचे सांधे. झाडाची साल, एका जातीची दुसरीपेक्षा किती वेगळी फाटते ते. खिशात एक छोटं भिंग ठेवा. रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये सूक्ष्मदर्शकातून बघितलेल्या गोष्टींची चित्रं छापली, त्यात बुचाच्या कापातले बारीक कप्पे होते, आणि पेशीला 'सेल' हे नाव तिथून आलं. आपलं साधं दहापट भिंगही पानाच्या शिरा, कापडाची वीण, छापील फोटोतले ठिपके दाखवायला पुरेसं आहे.

जुन्या नक्ष्या बघायच्या तर ओवेन जोन्स या इंग्रज वास्तुरचनाकाराने १८५६ मध्ये जगभरच्या अलंकरणांचा रंगीत संग्रह काढला, तो जुना असल्यामुळे आता खुलेपणाने बघायला मिळतो. पण तिथल्या फुलांच्या मागे लागू नका, मांडणी बघा. डच चित्रकार एशर स्पेनमधल्या अल्हाम्ब्रा राजवाड्यात १९२२ मध्ये जाऊन आला आणि १९३६ मध्ये पुन्हा गेला, तेव्हा भिंतींवरच्या भौमितिक नक्ष्या बसून उतरवून घेतल्या. त्याचे एकमेकांत बसणारे पक्षी आणि मासे त्या जाळीवर उभे आहेत. उतरवून घेणं हा अभ्यास आहे, त्यात कमीपणा काही नाही. चॅलेंजला मात्र उतरवलेलं टाकू नये.

मांडणीबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: सपाट पृष्ठभागावर नक्षी पुन्हा पुन्हा मांडण्याचे प्रकार, सममितीच्या हिशेबाने, १७च आहेत. फेदोरोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने हे १८९१ मध्ये सिद्ध केलं. पट्टीवर, म्हणजे किनारीसारख्या नक्षीत, तर फक्त ७. मला हे वाचून हायसं वाटलं होतं. मांडणीत नवं काही शोधायचं ओझंच नाही. सातांपैकी एक प्रकार सरकत्या प्रतिबिंबाचा: आकार पुढे सरकतो आणि पालथा होतो, पुन्हा सरकतो आणि पुन्हा सुलटा होतो. वाळूवर उमटलेली पावलं तशीच असतात, डावं, उजवं, डावं. 'प्रवास' ही थीम आली तर पाऊल काढायची गरज नाही. कोणताही आकार या चालीने मांडा, तो चालायला लागतो.

आणि बघायचं कुठे नाही? त्याच थीमवर इतरांनी काय काढलं आहे तिथे. निदान स्वतःचे तीन चौकोन होईपर्यंत तरी नाही. हे मी कडकपणे सांगते. दुसऱ्याचं चांगलं काम बघितलं की आपलं डोकं सज्जनपणे बाजूला सरकतं आणि त्याच कल्पनेची धाकटी बहीण काढून मोकळं होतं. एखाद्याची नावाजलेली नक्षी वापरलीत तर तिचं आणि काढणाऱ्याचं नाव खाली लिहा. या छंदात नक्ष्यांना नावं असतातच. रिक रॉबर्ट्स यांची 'पॅराडॉक्स' मी अनेकदा वापरते: त्रिकोणात किंवा चौकोनात एकेक सरळ रेघ थोडी थोडी तिरकी करत आत जायचं, आणि सगळ्या सरळ रेघांतून डोळ्यांना वळण दिसतं. 'भोवरा', 'चक्कर', 'खोली' यांना ती चपखल बसते, आणि बसते म्हणून सगळेच वापरतात, तेव्हा जरा जपून.

बैठक

माझा क्रम असा. थीम कळली की त्या दिवशी फक्त क्रियापदं. कागद समोर असला तरी पेन उघडायचं नाही. दुसऱ्या दिवशी निवडलेलं क्रियापद कुठेतरी प्रत्यक्ष बघायचं, किंवा ते कसं घडतं ते वाचायचं. मग तीन छोटे चौकोन, प्रत्येकाला फार तर वीस मिनिटं, आणि तिन्हींत नियम एकच पण एकक वेगळं: एकात फक्त सरळ रेघा, दुसऱ्यात फक्त वक्र, तिसऱ्यात ठिपके. यातला एक नेहमी बाकीच्या दोघांपेक्षा पुढे असतो. तो मोठा करायचा. रोज एक शब्द देणारी महिनाभराची चॅलेंज असेल तर अर्थात एवढी चैन परवडत नाही. तेव्हा आदल्या रात्री क्रियापदं आणि सकाळी थेट एकच चौकोन.

पूर्ण झाल्यावर एक परीक्षा घ्या. घरातल्या कोणालाही चौकोन दाखवा आणि थीम सांगू नका. "हे काय आहे?" असं विचारू नका, "हे काय करतंय?" असं विचारा. 'ओघळतंय', 'दाबतंय', 'पसरतंय' यांपैकी काही आलं तर काम झालं. 'छान आहे' आलं तर अजून एक चौकोन काढा.

उरलेले चौकोन फेकू नका. मी ते पाकिटांत ठेवते, पण थीमप्रमाणे नाही, क्रियापदाप्रमाणे. 'मिसळणं' या पाकिटात पावसाचे चौकोन आहेत, गर्दीचे आहेत, एका लग्नाच्या थीमचेही आहेत. नवी थीम आली आणि काहीच सुचत नसलं तर तिची क्रियापदं लिहून त्या नावाची पाकिटं उघडते. 'झाकणं' नावाचं पाकीट सध्या सगळ्यात जाड आहे आणि 'उडणं' जवळजवळ रिकामं, म्हणून पुढच्या यादीत पक्षी, धूळ, पतंग यांपैकी काही आलं तर बरं होईल.